माजी विद्यार्थ्यांच्या अंकासाठी फोटो गोळा करतोय आणि आता डोक्याला हात लावून बसलोय

मधलं_पान :

मंडळी, आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा अंक निघतोय. लेख, जाहिराती, मुद्रितशोधन ही कामं भराभर वाटली गेली आणि जे कुणालाच नको होतं ते माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येकाचा एकेक फोटो मिळवायचा. बैठकीत मीच तोऱ्यात म्हणालो होतो, "त्यात काय, ग्रुपवर टाकलं की दोन दिवसांत येतील."

आज सहा आठवडे झाले. यादी २१४ जणांची, आलेले फोटो १३१, आणि बिनघोर छापायला द्यावेत असे चाळीसही नाहीत. एकाने गाडीत बसून सेल्फी काढलाय, छातीवरून सीटबेल्टचा आडवा पट्टा. एका बाईंनी घोळक्यातून स्वतःला कापून पाठवलंय, पण खांद्यावर दुसऱ्या कुणाचीतरी चार बोटं राहिलीत, अंगठीसकट. एकाने जुन्या ओळखपत्रावरचा पाठवला, गोल शिक्का बरोबर गालावर. नऊ जणांनी "प्रोफाइलचा घे की" एवढंच लिहून विषय संपवला. आणि आमच्या एका सरांनी भिंतीवरच्या फ्रेमचाच मोबाइलने फोटो काढलाय. काचेत पंखा दिसतोय आणि पंख्याखाली हातात मोबाइल धरून सर स्वतः. खरं सांगायचं तर १३१ मध्ये मला सगळ्यात आवडलेला फोटो तोच आहे, पण तो छापू कसा?

मांडणी करणारी मुलगी एकच वाक्य बोलते : "३०० डीपीआय द्या." चौकट ४.५ × ६ सेंमीची आहे, पानावर नऊ. फाइल छापखान्यात जायला तीन आठवडे आहेत. बरा फोटो मागायचा कसा आणि आलेल्यांचं करायचं काय, कुणी हे केलं असेल तर सांगा.


शाईचे_डाग :

छापखान्यात जन्म गेलाय, म्हणून आधी त्या ३०० चं भूत उतरवतो. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके, एवढंच. फाइलच्या माहितीत ७२ लिहिलंय की ३००, याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. ती नुसती चिठ्ठी आहे. पिक्सेल मोजा. ४.५ सेंमी म्हणजे पावणेदोन इंच. त्याला ३०० ने गुणलं की रुंदीला साधारण ५३० पिक्सेल, उंचीला ७१०. बस, एवढंच लागतं. आजच्या कुठल्याही मोबाइलचा मूळ फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

घोळ होतो तो कापताना. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो १२०० पिक्सेल रुंद असेल, पण त्यात डोकं आणि खांदे २५० पिक्सेलमध्ये बसत असतील तर तुमच्या हातात २५० च आले. ते पावणेदोन इंचांत ताणले की इंचाला १४० उरतात आणि चेहरा पिठासारखा दिसतो.

३०० आकडा येतो जाळीवरून. छापलेला फोटो बारीक ठिपक्यांच्या ओळींचा बनतो, तीच जाळी. ऑफसेटला इंचाला १५० ओळींची जाळी धरली तर पिक्सेल तिच्या दुप्पट ठेवायचे असा जुना हिशेब. गुळगुळीत आर्ट पेपर नसेल तर जाळी भरड असते, तिथे २००-२२० वरही भागतं. तेव्हा कागद कोणता ते आधी विचारा. निम्मे 'बाद' फोटो तिथेच परत जिवंत होतील.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून मागवा, मूळ फाइल जशीच्या तशी येते.


मधलं_पान :

@शाईचे_डाग, कागद मॅट आहे, नुसता पांढरा, चकाकी नाही. विचारून घेतो.

डॉक्युमेंटचा प्रयोग करून झालाय. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" लिहिलं तर तिघांनी फोटो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून पाठवला. खाली नाव, बॅच आणि "आपला विश्वासू".


शाईचे_डाग :

हाहा. हे दर अंकाला होतं. घाबरू नका, वर्डच्या फाइलच्या नावाचं शेपूट .docx बदलून .zip करा आणि उघडा. आत मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये चित्र सुटं मिळतं. वर्ड जतन करताना चित्र थोडं दाबू शकतो, पण तुमच्या चौकटीपुरतं बहुतेक वेळा पुरतं. स्क्रीनशॉट घेण्यापेक्षा तर कैक पटींनी बरं.


उत्तरेची_खिडकी :

मी पोर्ट्रेट काढते, पोटापाण्यासाठी. तुमचा मागण्याचा मजकूर चुकलाय असं मला वाटतं. "एक चांगला फोटो पाठवा" म्हटलं की माणूस ज्यात स्वतः चांगला दिसतो असं त्याला वाटतं तो शोधतो. तो असतो दहा वर्षांपूर्वीचा, कुणाच्या तरी लग्नातला, गॉगल लावलेला. फोटो शोधायला सांगूच नका, काढायला सांगा. आणि तेही हातात देण्याइतकं सोपं करून :

"दिवसा घरातला दिवा बंद करा. खिडकीकडे तोंड करून उभे राहा. घरातल्या कुणालातरी खिडकीला पाठ करून तुमच्यापासून दीड मीटरवर उभं करा आणि मागच्या कॅमेऱ्याने, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून, दहा फोटो काढायला सांगा. निवडू नका, दहाच्या दहा पाठवा."

दिवा बंद अशासाठी की खिडकीचा उजेड निळसर आणि दिव्याचा पिवळट असला की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा येतो, आणि ते नंतर निस्तरता येत नाही. दीड मीटर अशासाठी की हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. हा लेन्सचा दोष नाही, अंतराचा आहे. २०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात याचं गणित आलं होतं : फूटभरावरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त भासते. लोक सेल्फी दाखवून नाकाची शस्त्रक्रिया मागायला लागले म्हणून डॉक्टरांनी हे मोजलं!

चष्मा असेल तर काड्या कानावर किंचित वर उचलायला सांगा. काचा खाली झुकतात आणि खिडकीची चमक निघून जाते.


हजेरी_३७ :

मी त्या न पाठवणाऱ्या ८३ जणांच्या जमातीतला. तुमच्या कॉलेजचा नाही, पण आमच्या अंकाचा 'मधलं_पान' माझ्या नावाने असाच ओरडत असणार.

सगळ्यांना वाटतं आम्ही आळशी. मी काल मुद्दाम मोजलं, मोबाइलमध्ये चार हजारांवर फोटो आहेत, त्यात मी आहे अकरांत. बाकी सगळे मी काढलेले. त्या अकरांत एकही मला माझा वाटत नाही. रोज सकाळी दाढी करताना जो दिसतो तो हा नव्हेच. मग आज पाठवू, उद्या पाठवू करत अंक निघून जातो आणि माझ्या नावावर राखाडी डोक्याची ती आकृती येते. मागच्या वेळी तशी अठ्ठावीस डोकी होती. पान उघडलं तर पोलिसांच्या फलकासारखं दिसत होतं.


उत्तरेची_खिडकी :

@हजेरी_३७, दाढी करताना दिसतो तो खरंच 'हा' नसतो, तो उलटा असतो. भांग दुसऱ्या बाजूला, वाकडं हसू दुसऱ्या गालावर. १९७७ चा एक मानसशास्त्रीय प्रयोग आहे. माणसांना त्यांचाच सुलटा आणि आरशातल्यासारखा उलटा असे दोन फोटो दाखवले. बहुतेकांनी स्वतःचा उलटा पसंत केला. त्यांच्या मित्रमैत्रिणींनी मात्र सुलटा. ज्याला जो चेहरा सवयीचा, त्याला तो बरा वाटतो.

तुमचा अंक कोण बघणार? वर्गातली माणसं. त्यांना सुलटा चेहराच ओळखीचा आहे. तेव्हा तुम्हाला तुमचा फोटो 'आपला' वाटेल याची वाट बघण्यात राम नाही.


हजेरी_३७ :

म्हणजे माझा फोटो मी निवडूच नये?


उत्तरेची_खिडकी :

नकोच. माझ्याकडे गिऱ्हाईक जोडीदाराला घेऊन येतं तेव्हा मी लॅपटॉप जोडीदाराकडे वळवते. पाच मिनिटांत काम संपतं. एकटा आला की पाऊण तास, आणि शेवटी सगळ्यात ताठरलेला फोटो उचलतो.


मधलं_पान :

थांबा, थांबा. म्हणजे मी २१४ जणांच्या मागे लागण्याऐवजी प्रत्येक बॅचमधल्या एकाला धरलं आणि "तुझ्या वर्गातल्यांचे फोटो तू जमव, तूच निवड" असं सांगितलं तर? बावीस बॅच आहेत. बावीस फोन करता येतील.


कलम_आठ :

कल्पना छान, पण एक खुंटी मारून ठेवा. निवडू दे मित्राला, होकार मात्र ज्याचा चेहरा त्याचाच हवा, आणि लेखी. छापील अंकाला हो म्हणणारा माणूस पीडीएफ इंटरनेटवर टाकायला हो म्हणेलच असं नाही. हे दोन प्रश्न वेगळे विचारा. 'नको' म्हणणाऱ्यासाठी नाव आणि दोन ओळी द्या, राखाडी डोकं नको.

दुसरं, पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क आपल्याकडे सहसा काढून घेणाऱ्याचा असतो, पण करारात वेगळं ठरलेलं असू शकतं, आणि इतर कुणी काढलेल्या फोटोचा हक्क बरेचदा काढणाऱ्याकडे असतो. विचारायला एक फोन लागतो आणि श्रेय द्यायला अर्धी ओळ. तेवढं करा.


जुनी_निगेटिव्ह :

सरांच्या पंख्यासाठी लिहितोय. फ्रेम उघडायला लावा, काचेवरून काढूच नका. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू मात्र नका, वरचा थर काचेवर राहतो आणि गेला तो गेला. मग काचेसकटच, पण फ्रेम उभी करून, उजेड एका बाजूने तिरका येऊ द्या, कॅमेऱ्यामागे काळी चादर धरा आणि मोबाइल फ्रेमला अगदी समांतर. काचेत चादरच दिसते, म्हणजे काहीच दिसत नाही.

सुटा प्रिंट असेल तर स्कॅनर. ओळखपत्राच्या ३ × ४ सेंमी तुकड्याला ६०० डीपीआय लावलं की सुमारे ७१० × ९४५ पिक्सेल मिळतात, म्हणजे तुमच्या चौकटीला पुरून उरतं. जुन्या प्रिंटचा पृष्ठभाग खडबडीत, मधमाशीच्या पोळ्यासारखा असेल तर प्रत्येक खळगा स्कॅनमध्ये चमकतो. त्याला एक युक्ती आहे. एकदा सरळ स्कॅन करा, एकदा कागद अर्धा वळसा फिरवून, म्हणजे डोकं खाली करून, मग दोन्ही संगणकावर एकावर एक ठेवून सरासरी घ्या. एकीकडे चमकलेला खळगा दुसरीकडे सावलीत असतो, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात.

जुन्या अंकात किंवा वर्तमानपत्रात छापून आलेला फोटो शक्यतो टाळा. त्यात आधीचीच जाळी असते, तिच्यावर तुमची जाळी बसली की चेहऱ्यावर लाटा उठतात. दुसरा फोटोच नसेल तर मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करा, हलकं धूसर करा आणि मग लहान करा.

गालावरच्या शिक्क्याला हात लावू नका असं माझं मत. शिक्का कॉलेजचाच आहे ना?


फुकटचा_सल्ला :

एवढा व्याप कशाला? आजकाल एआय आहे. अंधूक फोटो टाका, दोन सेकंदांत चकाचक.


जुनी_निगेटिव्ह :

@फुकटचा_सल्ला, हे मी करून बसलोय. काकांच्या बॅचचा घोळक्यातला एक फोटो होता, त्यात त्यांचा एक वर्गमित्र अंगठ्याच्या नखाएवढा. चेहरा जेमतेम नव्वद पिक्सेल. अ‍ॅपमधून काढला. पापण्या मोजता येतील इतका स्वच्छ आला. काकांना दाखवला, ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "माणूस देखणा आहे. कोण आहे?"

त्या वर्गमित्राचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. अ‍ॅपने ते सरळ करून दिले होते. नव्वद पिक्सेलमध्ये जे नाही ते अ‍ॅपला कुठून सापडणार? ते हजारो इतर चेहऱ्यांवरून अंदाज भरतं. धूळ, ओरखडे काढायला वापरा, माझी हरकत नाही. डोळे-नाक-तोंड भरायला नको.

तो गृहस्थ आता हयात नाही. आम्ही अंधूकच छापला, फक्त चौकट अर्धी केली. लहान केल्यावर तो आपोआप ठीक दिसला.


शाईचे_डाग :

+१. अंधूक फोटोचं खरं औषध लहान चौकट हेच.

एकसारखेपणाबद्दल. १३१ फोटो १३१ रंगांचे असणार. कुणाची भिंत पोपटी, कुणाचा पडदा जांभळा. त्याला सोपा उपाय म्हणजे सगळे कृष्णधवल. छपाईला चार रंगांच्या चार प्लेटांऐवजी एक, आणि पानाला एकदम शिस्त येते. पण रंग नुसता उडवू नका. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा, म्हणजे चॅनेलचा असतो. लाल चॅनेलवरून कृष्णधवल केलं की त्वचा उजळ, गुळगुळीत आणि ओठ फिके होतात. निळ्यावरून केलं की प्रत्येक डाग, प्रत्येक सुरकुती वर येते. हिरव्यावर जास्त भर देऊन थोडा लाल मिसळला की चेहरा माणसासारखा राहतो.

चौकटीत डोळे सगळ्यांचे एका ओळीत आणा, डोक्याचा आकार सारखा ठेवा. मागचं काही बदललं नाही तरी चालेल. एवढ्या दोन गोष्टींनी नव्वद टक्के काम होतं.

तुमच्या कागदावर शाई पसरते. फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर ७० च्या आसपास दिसू शकतो. स्क्रीनवर छान दिसणारा चेहरा छापून आला की काळवंडतो. म्हणून मधल्या छटा आधीच मोकळ्या करून ठेवाव्या लागतात.


हजेरी_३७ :

'मोकळ्या करून' म्हणजे गोरं करून? आमच्या मागच्या अंकात कुणीतरी हे उत्साहाने केलं आणि अर्धा वर्ग चुन्यात बुडवल्यासारखा आला. माझा सगळ्यात जवळचा मित्र चांगला सावळा आहे. त्याने अंक बंद करून ठेवला तो परत उघडला नाही.


शाईचे_डाग :

@हजेरी_३७, रास्त. फरक आहे आणि तो सांगायला हवा होता. शाई जेवढी पसरणार तेवढीच वजावट आधी करायची, म्हणजे कागदावरचा माणूस फोटोतल्या माणसासारखा दिसेल. ती वजावट छापखान्याच्या त्या कागदाच्या प्रोफाइलनुसार, म्हणजे त्यावर शाई कशी बसते त्या नोंदीनुसार, सगळ्यांना एकच लावायची. एकेकाचा चेहरा समोर घेऊन 'जरा उजळू या' म्हटलं की झालीच गडबड. सावळा सावळाच दिसला पाहिजे, फक्त त्याचे डोळे आणि भुवया शाईत बुडता कामा नयेत. मोबाइलमधला ब्यूटी मोडही बंद करायला सांगा, तो न विचारता रंगसफेती करतो.


दोनदा_तपासा :

सगळे तंत्रात रमलेत, मी रडकथा सांगते. आमच्या अंकात एकाच बॅचला एकाच नावाच्या दोघी होत्या, आडनावही सारखं. फाइलचं नाव मी दोन्हीकडे तेच दिलं होतं, एकीच्या पुढे १. मांडणीत दोघींची अदलाबदल झाली. फोटो उत्तम, छपाई उत्तम. एकीच्या चेहऱ्याखाली "दोन मुलगे, सध्या निवृत्त" आणि दुसरीच्या खाली "अंटार्क्टिका मोहिमेत सहभाग". अंक बाराशे प्रती छापून झाला होता.

फाइलचं नाव बॅच, आडनाव, नाव आणि यादीतला क्रमांक असं द्या. क्रमांक सोडू नका. आणि छापायच्या आधी पानं नावांसकट त्या त्या बॅचच्या माणसाला दाखवा. मुद्रितशोधकाला चेहऱ्यातली चूक दिसत नाही, त्याला कोण कोण आहे हे माहीतच नसतं.


उत्तरेची_खिडकी :

@मधलं_पान, अंक निघायच्या आधी सगळे भेटणार असाल तर तिथेच एक कोपरा धरा. मोठी खिडकी, एक स्टूल, भिंतीपासून निदान मीटरभर पुढे, खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा ताव म्हणजे सावलीतला गाल उजळतो. जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा, कॅमेरा हलवू नका. प्रत्येकाचा पहिला फोटो नाव आणि क्रमांक लिहिलेला कागद हातात धरून. अदलाबदलीचा प्रश्न तिथेच मिटतो. माणशी दोन मिनिटं धरली तर तासाला तीस होतात.

अवांतर : पॅरिसमध्ये डिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक छोटे पोर्ट्रेट घ्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. फोटो स्वस्त झाले आणि लोक एकमेकांची व्हिजिटिंग कार्डाएवढी चित्रं अल्बममध्ये जमवायला लागले. सगळ्यांचा आकार एक, राजाचाही तेवढाच. तुमची नऊ चौकटींची पानं त्याच घराण्यातली.

स्टुलावर बसवल्यावर "स्माइल" म्हणू नका. त्याच्या वर्गातल्या कुणालातरी तुमच्या खांद्याजवळ उभं करा आणि टोपणनावाने हाक मारायला सांगा.


मधलं_पान :

तीन आठवड्यांनी परत आलो. धागा वर काढतोय, क्षमस्व.

बावीस फोन केले. त्यातल्या अठरा जणांनी मनावर घेतलं. भेटीच्या दिवशी खिडकीत ६४ जण बसले, त्यातल्या निम्म्यांनी आधीच पाठवलेले फोटो त्यांच्या मित्रांनीच बाद ठरवले होते. टोपणनावाची युक्ती इतकी चालली की काही टोपणनावं मला इथे लिहिता येणार नाहीत. आता २१४ पैकी १९७ फोटो आहेत, पाच जणांनी स्वच्छ 'नको' कळवलं, बारा जणांचा पत्ताच नाही. सगळं कृष्णधवल, डोळे एका ओळीत.

@जुनी_निगेटिव्ह, गालावरचा शिक्का ठेवलाय.

@दोनदा_तपासा, आमच्याकडेही एका नावाचे दोघे निघाले. क्रमांकामुळे वाचलो.

खांद्यावरच्या चार बोटांचं सांगायचं राहिलं. त्या बाईंना म्हटलं, न कापलेला फोटो आहे का? आला. अंगठी त्यांच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीची होती आणि ही मैत्रीण माझ्या ८३ च्या यादीत होती. फोन केला तर म्हणाल्या, "माझा तसला एकही फोटो नाही हो." मी त्यांना त्यांचाच पाठवला. बारा मिनिटांनी उत्तर आलं : "हा चालेल. पण तिला माझ्या शेजारीच ठेवा." अक्षरानुक्रम मोडून शेजारी ठेवलंय. मांडणीवाली बोलत नाहीये.


हजेरी_३७ :

आणि पंख्यावाले सर?


मधलं_पान :

सरांनी स्वतः खिळे काढून, काच उतरवून स्कॅन करून आणला. चौकटीत तो गेलाय, अगदी स्वच्छ. मग भीत भीत विचारलं, सर, पंख्यावालाही संपादकीयाच्या पानावर घेऊ का? म्हणाले, "घे, पण वर कापू नकोस. पंखा पूर्ण आला पाहिजे."